काशीबाईंची वाचनबैठक

भंडारा जिल्ह्यातील करडीसारख्या गावातून महाविद्यालयात जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती इंग्रजी कादंबरी येते ती बहुधा परीक्षेच्या वाटेने. पात्रांची स्वभावचित्रे, कथानकाचा सारांश, संभाव्य प्रश्न आणि त्यांची तयार उत्तरे एवढ्यातच तिचा निकाल लागतो. परीक्षा आटोपली की ते पुस्तक पुढच्या वर्गातील कुणाला अर्ध्या किमतीत विकले जाते किंवा रद्दीत जाते. लग्नकार्य, पैसा, मानपान, स्थळांची ये-जा आणि शेजाऱ्यांची कुजबुज हेच ज्या कादंबरीचे विषय, ती आपल्याच घरातल्यासारखी आहे, हे मात्र कुणाच्या ध्यानी येत नाही. याचे खापर केवळ परक्या भाषेवर फोडून चालणार नाही. अशी कादंबरी चार माणसांत बसून वाचायची असते, तिच्यातील माणसांविषयी भांडायचे असते, ही रीतच आपण हरवून बसलो आहोत. तिची किंमत ज्यांनी आपल्या आयुष्याने दाखवून दिली, त्यांत काशीबाई कानिटकर यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल.

काशीबाईंचे नाव मराठीच्या विद्यार्थ्याला अपरिचित नाही. मराठीतील पहिल्या महत्त्वाच्या स्त्री-लेखिका म्हणून वाङ्मयेतिहासात त्यांची नोंद होते. परंतु लेखिका होण्यापूर्वी त्यांना वाचक व्हावे लागले आणि त्या काळी स्त्रीने वाचक होणे हे लेखिका होण्यापेक्षाही अवघड होते. १८६१ ते १९४८ असे सत्याऐंशी वर्षांचे दीर्घ आयुष्य त्यांना लाभले. त्या आयुष्याला वळण दिले ते शाळेने नव्हे, विद्यापीठानेही नव्हे. पती आणि पतीचे एक तरुण मित्र यांच्यासह भरणाऱ्या घरगुती वाचनबैठकीने दिले.

इंग्रजी दिवाणखान्यातील पुस्तक

ज्या इंग्रजी कादंबरीने पुढे आपल्याकडील सुशिक्षितांना वेड लावले, तिचा जन्मही अशाच घरगुती बैठकीत झाला आहे. जेन ऑस्टिन ही एका खेड्यातील धर्मोपदेशकाची मुलगी. तिच्या घरी पुस्तके मोठ्याने वाचण्याचा प्रघात होता आणि तिने लिहिलेलेही प्रथम घरच्या मंडळींनीच ऐकले. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ ही तिची सर्वांत लोकप्रिय कादंबरी. तिचे पहिले रूप १७९७ सालीच तयार झाले होते. वडिलांनी ते एका प्रकाशकाला देऊ केले, पण त्याने पाहण्याचेही नाकारले. अखेर १८१३ च्या जानेवारीत ती प्रसिद्ध झाली, तीही लेखिकेच्या नावाविना. पुस्तकाची पहिली प्रत चॉटन गावच्या घरी पोचली, त्याच दिवशी मिस बेन नावाची एक गरीब शेजारीण जेवावयास आली होती. लेखिका समोरच बसली आहे याचा तिला सुगावाही लागू न देता मायलेकींनी तिला ती कादंबरी वाचून दाखवली आणि तिचा चेहरा न्याहाळला. पुढे आई फार भराभर वाचते, पात्रांची बोलणी त्या त्या पात्राला साजेशी तिला उच्चारता येत नाहीत, अशी हळहळही जेनने बहिणीला लिहिलेल्या पत्रात व्यक्त केली. पुस्तक कानांनी कसे ऐकले जाईल याची तिला किती काळजी होती, हे त्यावरून दिसते.

त्या कादंबरीचे कथानक मराठी वाचकाला मुळीच परके वाटू नये. घरात पाच मुली, मुलगा एकही नाही. इस्टेट पुरुष वारसाकडेच जावयाची असल्यामुळे बापाच्या पश्चात राहते घर दूरच्या एका चुलत नातलगाचे होणार. म्हणून आईला ध्यास एकच : मुली उजवायच्या. परिसरात कुणी पैसेवाला अविवाहित तरुण राहावयास आला की गावभर हालचाल सुरू होते. नायिकेची मैत्रीण शार्लट ही सत्तावीस वर्षांची, रूपाने सामान्य. पोटापाण्याची कायमची सोय व्हावी म्हणून ती एका मूर्ख आणि खुशामतखोर माणसाशी डोळे उघडे ठेवून लग्न करते. तिने योग्य केले की अयोग्य? एकट्याने वाचणारा वाचक आपले उत्तर मनाशी ठरवतो आणि पुढचे पान उलटतो. तोच प्रश्न चौघांच्या बैठकीत आला म्हणजे एक जण तिला स्वार्थी ठरवतो, दुसरा व्यवहारी ठरवतो. आणि बैठकीत एखादी उपवर मुलगी असेल तर ती काही तिसरेच सांगते. घरगुती रीतिभातींच्या कादंबरीची सारी ताकद या मतभेदात आहे. तिच्यात युद्ध नसते, खून नसतो, राजेरजवाडे नसतात. कोण काय बोलले, कुणी कुणाला मान दिला, कुणी गप्प राहून काय सुचवले, एवढ्यावर ती चालते. अशा गोष्टींचा अर्थ वेगवेगळ्या अनुभवांची माणसे एकत्र आल्याशिवाय पुरता उलगडत नाही.

अक्षरांची बंदी

काशीबाईंचा जन्म आज सांगली जिल्ह्यात असलेल्या अष्टे येथला. माहेर बापटांचे, घर सुखवस्तू. परंतु घरच्या सुबत्तेचा मुलीच्या शिक्षणाशी काही संबंध नव्हता. ज्योतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींसाठी पुण्यात शाळा काढली ती १८४८ साली. पण उच्चवर्णीय कुटुंबांच्या माजघरात तिचा उजेड पोचावयास पुढे कित्येक वर्षे जावी लागली. शिकलेली बायको विधवा होते, हातात पुस्तक घेणारी सून घराण्याला कलंक लावते, अशा समजुती तेव्हा उघडपणे बोलल्या जात. नवव्या वर्षी काशीबाईंचे लग्न झाले तेव्हा त्यांना कसलेही रीतसर शिक्षण मिळालेले नव्हते. वर गोविंद वासुदेव कानिटकर हे सोळा वर्षांचे होते आणि इंग्रजी विद्येची त्यांना विलक्षण ओढ होती.

गोविंदराव पुढे वकील झाले, न्यायखात्यात नोकरीस लागले. पण त्यांचा जीव काव्यात आणि वाङ्मयात होता. शेक्सपिअर त्यांनी मराठीत आणला. स्त्रीच्या दास्यावर जॉन स्टुअर्ट मिलने लिहिलेल्या ग्रंथाचे मराठी रूपांतरही त्यांनी केले आणि ते १९०२ साली प्रसिद्ध झाले. आपल्या पत्नीने लिहावे-वाचावे, आपल्याशी पुस्तकांविषयी बोलावे, ही त्यांची इच्छा होती. त्या पिढीतील अनेक सुधारक पतींची ती इच्छा होती. न्यायमूर्ती रानडे यांनी रमाबाईंना शिकवले तेही याच काळात. मात्र पतीची इच्छा आणि घरातील वडीलधाऱ्यांची आज्ञा यांच्या कात्रीत सून सापडत असे. वाचले तर सासरची माणसे नाराज, न वाचले तर पती नाराज. दिवसभराचे घरकाम आटोपून, मोठ्यांच्या नजरेआड, मिळेल त्या उजेडात अक्षरे गिरवणे हाच त्यातून मार्ग होता.

काशीबाईंचे मोठेपण असे की, पतीच्या आग्रहाखातर हाती घेतलेली ही विद्या त्यांनी पाहता पाहता स्वतःची भूक बनवली. मराठीनंतर त्यांनी संस्कृतचा आणि इंग्रजीचा अभ्यास केला. मराठी कादंबऱ्यांचे वाचन तर अखंड चालू होते. सुधारक पतीची शोभेची सुशिक्षित पत्नी एवढ्यावर त्यांना थांबता आले असते. त्या काळच्या पुण्या-मुंबईत तेवढेही पुष्कळ मानले जात होते. परंतु वाचता वाचता त्यांना स्वतःची मते येऊ लागली आणि ती त्या बोलून दाखवू लागल्या. वाचन खरे धोकादायक ठरते ते येथे, आणि सासरच्या मंडळींची भीती एका अर्थी खरीच होती.

तिघांची बैठक

१८८० नंतरचे पुणे हे वादविवादांनी तापलेले शहर होते. १८८० च्या आरंभी न्यू इंग्लिश स्कूल निघाले. पंडिता रमाबाईंनी १८८२ साली आर्य महिला समाज स्थापिला. त्याच वर्षी वऱ्हाडातील बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे तेजस्वी पुस्तक निघाले. १८८४ साली हुजूरपागेची मुलींची शाळा सुरू झाली. या वातावरणात कानिटकरांच्या घरी हरि नारायण आपटे या तरुणाची ये-जा सुरू झाली. हरिभाऊ हे खानदेशातील पारोळ्याचे, जन्म १८६४ चा. म्हणजे काशीबाईंहून तीन वर्षांनी लहान. न्यू इंग्लिश स्कूलचे ते विद्यार्थी. गणिताने दगा दिल्यामुळे त्यांना पदवी मिळाली नाही, परंतु इंग्रजी वाङ्मयाचे त्यांचे वाचन भल्या भल्या पदवीधरांना लाजवील असे होते.

गोविंदराव, हरिभाऊ आणि काशीबाई हे तिघे वाचीत, वाचलेले एकमेकांना सांगत, त्यावर वाद घालीत. ‘मनोरंजन आणि निबंधचंद्रिका’ हे मासिक गोविंदराव आणि हरिभाऊ यांच्या प्रयत्नांतून चालले आणि काशीबाईंचे प्रारंभीचे लेखन त्याच मासिकात आले. प्रत्यक्ष भेट नसे तेव्हा पत्रे जात. या पत्रांत पुस्तके होती, लेखनाच्या सूचना होत्या, टीका होती, रुसवेही होते. परपुरुषासमोर उभे राहणेही जेथे स्त्रीला वर्ज्य, तेथे एक विवाहिता पतीच्या मित्राशी कादंबरीतील पात्रांविषयी बरोबरीच्या नात्याने बोलते, लिहिते, हे दृश्य १८८५ च्या सुमारास किती अपूर्व असेल, याची कल्पना आज करणेही कठीण आहे. ते शक्य झाले याचे कारण मधे पुस्तक होते. कादंबरीतील स्त्रीच्या दुःखाविषयी बोलताना स्वतःच्या दुःखाविषयी बोलण्याची मुभा मिळते. जे माजघरात कुणी ऐकून घेतले नसते, ते बैठकीत मत म्हणून ऐकले जाऊ लागले.

यमूने वाचलेले

या बैठकीतून मराठी साहित्याला काय मिळाले, याचा हिशेब हरिभाऊंच्या लेखनावरून मांडता येतो. १८८५ साली त्यांनी ‘मधली स्थिती’ लिहिली, ती रेनॉल्ड्सच्या एका इंग्रजी कादंबरीचा आधार घेऊन. लंडनमधील गुप्त पापाचारांच्या सुरस कथा लिहिणारा हा रेनॉल्ड्स त्या वेळी आपल्याकडे फार लोकप्रिय होता. हरिभाऊंच्या त्या पहिल्या प्रयत्नात समाजाचे निरीक्षण आहे, पण सांगाडा उसना आहे. त्यानंतर अवघ्या पाच वर्षांनी, १८९० साली, त्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढले आणि त्यात ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी क्रमशः लिहावयास घेतली. १८९३ पर्यंत ती चालली. एका तरुण ब्राह्मण विधवेने स्वतःची कहाणी स्वतःच्या तोंडाने सांगितली आहे, असे तिचे रूप आहे. सांगाडा उसना नाही, रहस्य नाही. सासर, माहेर, न्हाणीघर, स्वयंपाकघर, सणवार, टोमणे, उपवास यांनी ती भरलेली आहे.

सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या पुरुषाला हे बाईमाणसाचे जग इतक्या बारकाव्यानिशी कळले कसे? प्रतिभा हे एक उत्तर आहे, पण ते अपुरे आहे. मराठी कादंबरीच्या अभ्यासकांनी त्यामागे काशीबाईंच्या सहवासाचा वाटा मानला आहे. पुरुष बैठकीत बसून समाजसुधारणेवर व्याख्याने देऊ शकतो; पण सुनेला पहिल्या दिवशी सासरी काय वाटते, नवऱ्याने वाचावयास शिकवल्यावर जावा-नणंदा कशा बघतात, हे तिने सांगितल्याशिवाय त्याला कळत नाही. काशीबाईंनी ते सांगितले आणि हरिभाऊंनी ते ऐकले. ऐकणे हीसुद्धा एक विद्या आहे आणि हरिभाऊंच्या ठिकाणी ती विलक्षण होती.

त्या कादंबरीतच वाचनाचे एक सुंदर प्रकरण आहे. नायिका यमू हिला तिचा पती रघुनाथराव लिहावयास-वाचावयास शिकवतो. पुढे ही दोघे मुंबईस बिऱ्हाड करतात. तेथे पतीच्या मित्रांच्या बायका एकत्र जमतात, वाचतात, बोलतात. स्त्रीपुरुष एकमेकांसमोर मोकळेपणाने बसतात. यमूच्या आयुष्यातील सुखाचे दिवस तेवढेच. रघुनाथरावाच्या अकाली मृत्यूनंतर तिला पुण्यास परत यावे लागते, तिचे बळजबरीने केशवपन होते आणि अखेर ती खचून मरते. वाचनाने तिला वाचवले नाही, हे खरे. पण आपल्यावर काय गुजरले ते लिहून ठेवण्याइतके बळ तिला वाचनानेच दिले. शिकलेली नसती तर यमूची कहाणी मागे राहिलीच नसती. कादंबरीच्या नावातच विचारलेल्या प्रश्नाला या तिघांच्या बैठकीपुरते एक उत्तर होते : तेथे कुणीतरी लक्षात घेत होते.

श्रेयाचा प्रश्न

येथे एका अवघड मुद्द्याला हात घालणे भाग आहे. मराठी कादंबरीचे जनक म्हणून हरिभाऊंचा गौरव होतो आणि तो यथार्थ आहे. काशीबाईंचे नाव मात्र पुष्कळदा त्यांच्या अनुषंगाने, एखाद्या वाक्यात येते. बैठकीत तिघे होते; इतिहासात एक जण मध्यभागी बसला, दुसरा बाजूला आणि तिसरी उंबरठ्याशी. हे कसे घडले?

याचे काही कारण त्या बैठकीच्या रचनेतच आहे. पुस्तके निवडणारे, लेखनावर शेरे मारणारे आणि मासिक चालवणारे पुरुष होते. काशीबाई शिकाऊ आणि ते शिकवणारे, हे नाते कितीही प्रेमाचे असले तरी पूर्ण बरोबरीचे नव्हते. पती हाच गुरू असला की त्याच्याशी मतभेद होणे म्हणजे एकाच वेळी दोन मर्यादा ओलांडणे. शिवाय हरिभाऊंना दर आठवड्याचे साप्ताहिक होते, वाचकवर्ग होता, लेखनासाठी सलग वेळ होता. काशीबाईंना संसार होता, मुले होती, पतीच्या बदल्यांबरोबर हलणारे बिऱ्हाड होते. त्यांची ‘रंगराव’ ही सामाजिक कादंबरी मासिकातून क्रमशः येऊ लागली ती १८८६ च्या सुमारास, म्हणजे ‘पण लक्षात कोण घेतो’च्या आधी; पण पुस्तकरूपाने ती वाचकांच्या हाती पडली १९०३ साली. मधल्या सतरा वर्षांत मराठी कादंबरी कुठल्या कुठे गेली होती.

तरीही त्या बैठकीला केवळ पुरुषांचा उपकार किंवा केवळ पुरुषांचा वरचष्मा म्हणून निकालात काढणे अन्यायाचे होईल. ती नसती तर काशीबाईंना ‘रंगराव’ही लिहिता आली नसती. आणि काशीबाई नसत्या तर हरिभाऊ रेनॉल्ड्सच्या वाटेने आणखी किती काळ गेले असते, कोण जाणे. सहवाचनात देणे आणि घेणे यांचा तराजू क्वचितच सम असतो. ज्याला अधिक मिळाले त्याने दुसऱ्याचा वाटा मान्य करावा, एवढीच अपेक्षा ठेवता येते. हा वाटा मान्य करण्याचे काम पुढच्या पिढ्यांनी करावयास हवे होते. ते फार उशिरा झाले.

स्वतःचा आवाज

काशीबाईंचे कर्तृत्व बैठकीपुरते राहिले नाही. अमेरिकेत वैद्यकीय पदवी मिळवून आलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी १८८७ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षापूर्वीच, पुण्यात निवर्तल्या. काशीबाईंनी त्यांचे चरित्र त्यांच्या पत्रांच्या आधारे लिहिले. एका मराठी स्त्रीने दुसऱ्या मराठी स्त्रीचे जीवन अभ्यासपूर्वक मांडावे, हा मराठीतील नवा आरंभ होता. त्यात भक्तिभाव आहे, पण डोळस चिकित्साही आहे. आनंदीबाईंना शिकवण्याच्या पतीच्या हट्टाचे दुसरे अंग काशीबाईंना दिसले, कारण तसल्या शिक्षणाचा सुखद आणि कडवट असा दोन्ही अनुभव त्यांच्या पदरी होता. १८८९ साली मुंबईस भरलेल्या काँग्रेसच्या पाचव्या अधिवेशनाला ज्या मोजक्या स्त्रिया प्रतिनिधी म्हणून उपस्थित होत्या, त्यांत त्या होत्या. एके काळी वडीलधाऱ्यांच्या नजरेआड अक्षरे गिरवणारी सून आता राष्ट्रीय सभेच्या मंडपात बसली होती.

१९१८ साली गोविंदराव गेले आणि १९१९ च्या मार्चमध्ये हरिभाऊही गेले. वर्षाच्या आत तिघांची बैठक मोडली आणि काशीबाई एकट्या उरल्या. १९२१ साली त्यांचा ‘चांदण्यांतील गप्पा’ हा कथासंग्रह आला आणि १९२८ साली ‘पालखीचा गोंडा’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. एका लहान संस्थानाचा कारभार स्त्रियांच्या हाती आला तर काय होईल, अशी कल्पना त्या कादंबरीत आहे. हरिभाऊंच्या यमूला अन्याय सोसून मरावे लागले. काशीबाईंच्या नायिकेला राज्य चालवावयास मिळाले. जे आहे ते दाखवण्यात हरिभाऊंची लेखणी समर्थ होती. जे असावे ते कल्पिण्याचे धाडस काशीबाईंनी केले. पुढच्याच वर्षी, १९२९ साली, त्यांनी हरिभाऊंची पत्रे प्रसिद्ध केली. मित्राच्या मोठेपणाची जपणूक त्यांनी अशी निष्ठेने केली. त्यांच्या स्वतःच्या आत्मचरित्राला मात्र ग्रंथरूप मिळाले ते त्यांच्या निधनानंतर बत्तीस वर्षांनी, १९८० साली, सरोजिनी वैद्य यांच्या परिश्रमाने.

उंबरठ्याच्या आत

काशीबाईंचे जग आता उरले नाही. केशवपनाची रूढी लोपली. ऑस्टिनच्या कादंबरीतील पाच बहिणींना जो वारसा नाकारला गेला, तसाच तो हिंदू कुटुंबातील मुलींनाही दीर्घकाळ नाकारला गेला होता. १९५६ च्या कायद्याने त्यात पहिली मोठी खिंड पडली. महाराष्ट्राने १९९४ साली मुलीला एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मसिद्ध हिस्सा दिला आणि २००५ साली तो देशभर लागू झाला. पण कायदा झाला म्हणून बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेण्याची रीत थांबली नाही. स्थळ पाहताना पगार, शेती आणि रंग यांची बोलणी थांबली नाहीत. दोनशे वर्षांपूर्वीची इंग्रजी कादंबरी आणि सव्वाशे वर्षांपूर्वीची मराठी कादंबरी आजही वाचण्याजोगी आहे ती यासाठीच.

मग ती वाचावी कुठे आणि कशी? १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानंतर महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत शासनमान्य वाचनालये उभी राहिली. पुष्कळ ठिकाणी ती सकाळी वर्तमानपत्रे चाळणाऱ्या पुरुषांची जागा होऊन बसली आहेत. किती पुस्तके घरी गेली याची नोंद रजिस्टरात होते. वाचलेल्यावर किती जण बोलले याची नोंद कुठेच होत नाही. अशा वाचनालयात किंवा शाळेच्या रिकाम्या वर्गात आठवड्यातून एक संध्याकाळ, दहा-बारा माणसांची बैठक भरवण्यास खर्च काहीच नाही. करडीसारख्या गावात शिक्षक आहेत, ग्रामपंचायतीत, बँकेत, टपालकचेरीत काम करणारे आहेत, महाविद्यालयात जाणारी मुले-मुली आहेत. आरंभ ‘पण लक्षात कोण घेतो’ने करावा. एकाने एक प्रकरण मोठ्याने, सावकाश, पात्रांची बोलणी ओळखू येतील असे वाचावे. मग ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’कडे वळावे, इंग्रजी ज्याला जमते त्याने मूळ उतारा वाचावा आणि त्याचा अर्थ सर्वांनी मिळून मराठीत, हवे तर झाडीबोलीतही लावावा. घरच्या बोलीत शार्लटच्या लग्नावर भांडण जुंपले की ती कादंबरी परीक्षेची राहणार नाही, गावची होईल.

दोन पथ्ये मात्र पाळावी लागतील. शिक्षकाने बैठकीत शिक्षक म्हणून बसू नये. उत्तर त्याच्या खिशात आहे असे वाटले की इतरांची तोंडे मिटतात. काशीबाईंच्या बैठकीचा कमकुवत दुवा हाच होता. दुसरे पथ्य अधिक महत्त्वाचे. पुरुषांनीच भरवलेली आणि पुरुषांनीच गाजवलेली बैठक ही अर्धी बैठक होय. घरातील सून, मुलगी, शेजारची शिक्षिका यांना चहा देण्यापुरते आत-बाहेर करू न देता, जागा करून द्यावयास हवी आणि वाचण्याची पाळी त्यांच्याकडेही यावयास हवी. त्या वेळेपुरता स्वयंपाक दुसऱ्या कुणी पाहावा लागेल, हे ओघानेच आले. तेवढी तयारी नसेल तर स्त्रियांच्या स्थितीवरील कादंबरी वाचण्यात केवळ करमणूक उरते.

काशीबाईंना पुस्तकापर्यंत पोचण्यासाठी घरातल्या माणसांची भीती ओलांडावी लागली आणि बैठकीत बसल्यावरही बरोबरीच्या जागेसाठी आयुष्यभर वाट पाहावी लागली. आज पुस्तक हाताशी आहे, बंदी कुणाची नाही. उरले आहे ते सतरंजी अंथरण्याचे आणि जो कुणी दाराशी उभा आहे त्याला, विशेषतः तिला, आत बोलावण्याचे काम. ते कुणा सरकारी योजनेची वाट पाहण्याजोगे मुळीच नाही.